हेलपाट्याचा हिशेब

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३१ हजार ४८८ बायकांचं आपण देणं लागतो. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, देणं अजून फिटलेलं नाही.

१९९९ च्या ऑक्टोबरात तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ गट, चार वाटे. पहिल्या वाट्यातल्या बायकांची, हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच चाचणी केली. दुसऱ्या वाट्यात पॅप, म्हणजे पेशींची तपासणी. तिसऱ्यात गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या वाट्यातल्या ३१ हजार ४८८ जणींची तपासणी केली नाही. त्यांना माहिती दिली आणि नेहमीच्या दवाखान्यांवर सोपवलं. तुलना करायची तर असा एक गट लागतो, हे त्यामागचं कारण. आठ वर्षांनी मोजदाद झाली. तपासणी न झालेल्या गटात ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात बायका अडीच हजारांनी जास्त असूनही ३४. पॅपच्या आणि ॲसिडच्या गटांत मृत्यू ठामपणे घटल्याचं दिसलं नाही.

२००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून जगभर त्यांचा दाखला दिला जातो. एका गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. इतकी किंमत मोजून जे कळलं, त्याचं आपण काय केलं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनही नाहीत. याच कॅन्सरने भारतात वर्षाला ८० हजारांच्या आसपास बायका मरतात असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे.

एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेक सगळ्या बायका-पुरुषांना तो आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. थोड्या बायकांच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो, आणि त्यातल्या काहींना १५-२० वर्षांनी कॅन्सर होतो. मधल्या एवढ्या काळात दुखत नाही, खुपत नाही, काही कळत नाही. ही लांबलचक मुदत हाताशी आहे म्हणूनच चाचणीला अर्थ आहे.

नवी गोष्ट अशी की या चाचणीसाठी बाईला टेबलावर झोपावं लागत नाही. लहानसा ब्रश किंवा कापसाची काडी तिने स्वतःच आत घालायची, काही वेळा फिरवायची, काढून नळीत ठेवायची. पाच मिनिटांचं काम. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं की चाचणी पीसीआर पद्धतीची, म्हणजे विषाणूचे जनुकीय अंश वाढवून शोधणारी असेल, तर बाईने स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो. स्वस्तातल्या दुसऱ्या एका पद्धतीत मात्र तो कमी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली आणि स्वतः घेतलेला नमुनाही मान्य केला. ऑस्ट्रेलियात २०२२ पासून तपासणीला येणाऱ्या प्रत्येक बाईला हा पर्याय आहे. नेदरलँड्समध्ये असं किट घरी मिळतं.

मग आपल्याकडे घरोघरी का नको? परवडणार नाही, असं उत्तर मिळतं. या उत्तरावर मला थांबायचं आहे, कारण 'परवडत नाही' म्हणताना कुणाच्या पिशवीतले पैसे मोजले हे कुणी सांगत नाही.

मी डॉक्टर नाही. काही वर्षं एका आरोग्य प्रकल्पाचे हिशेब मी पाहिले आहेत. आमच्या मासिक अहवालात 'वाटप' असा रकाना होता. किती किट आल्या, किती वाटल्या, किती शिल्लक. ज्यांचा निकाल वाईट आला त्यातल्या किती जणी पुढच्या दवाखान्यात पोचल्या, याला रकानाच नव्हता. वाटपाचा आकडा मोठा असला की बैठक लवकर संपायची. तेव्हा मी प्रश्न विचारला नाही, याची मला आजही टोचणी आहे.

आता एक हिशेब मांडू. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, पण त्यांचं वळण खरं आहे. एका वस्तीत ३० ते ४९ वयाच्या १०० बायका. चाचणी ५०० रुपयांची. दवाखान्यात या म्हणून सांगितलं तर समजा २० जणी आल्या. दहा टक्क्यांत विषाणू सापडतो असं धरू. उस्मानाबादच्या अभ्यासात तो जवळपास तितकाच सापडला होता. म्हणजे २ जणी. दवाखान्यातच असल्यामुळे दोघींवर पुढचा उपचार झाला. सरकारचा खर्च १० हजार, उपचारापर्यंत पोचलेल्या प्रत्येकीमागे ५ हजार.

दुसरी वाट घरची. आशाताई किट घेऊन दारात गेली, तिच्या कष्टाचे १०० रुपये धरून दर चाचणीला ६००. समजा ८६ जणींनी नमुना दिला. खर्च ५१ हजार ६००. विषाणू ८-९ जणींत सापडेल. त्यातल्या ८ जणी पुढे पोचल्या तर प्रत्येकीमागे ६ हजार ४५० रुपये. आणि फक्त दोघीच पोचल्या तर? २५ हजार ८००. किट तीच, आशाताई तीच, बायका त्याच. किंमत चौपट झाली, आणि ती नमुना घेतल्यानंतरच्या रस्त्यावर झाली.

इथवरचा हिशेब सरकारी तिजोरीचा. आता बाईची पिशवी उघडू. तालुक्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो. मजुरी ३०० धरा. एसटीचं तिकीट आता अर्धं आहे, पण वस्तीवर एसटी येतेच असं नाही. काळीपिवळी, मध्ये चहा, लहान पोर बरोबर असेल तर बिस्किटाचा पुडा. १०० धरा. एका हेलपाट्याचे ४००. दवाखान्याच्या वाटेवर वीसही जणींना तो घालावा लागला, म्हणजे ८ हजार. घरच्या वाटेवर फक्त आठ जणींना, म्हणजे ३ हजार २००. एकूण बेरीज करून पुन्हा भागा. दवाखान्याची वाट दर बाईमागे ९ हजार रुपयांना पडते, घरची ६ हजार ८५० ला. मघाशी महाग दिसलेली घरची वाट आता स्वस्त निघाली. मधे बदललं ते एवढंच, की बाईचा दिवसही आपण पैशांत मोजला.

हे काही माझं डोकं नव्हे. २००५ साली भारतासह पाच देशांसाठी या तपासणीचा खर्च-लाभ मांडला गेला होता. पस्तिशीत एकदाच तपासणी केली तरी आयुष्यभराचा धोका २५ ते ३६ टक्क्यांनी घटतो आणि वाचलेल्या आयुष्याच्या एका वर्षामागे ५०० डॉलरही लागत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातलं दुसरं वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं: ज्या पद्धतीत बाईला कमीत कमी वेळा दवाखान्यात यावं लागतं, तीच सगळ्यात किफायतशीर ठरते. चाचणीच्या किमतीएवढीच, किंबहुना जास्त, किंमत हेलपाट्याला आहे. आमच्याकडची कुठलीही म्हातारी हे अभ्यासाशिवाय सांगेल, पण ते आकड्यांत सिद्ध झालेलं असताना धोरणात का येत नाही?

घरची वाट सगळ्याच रोगांना लागू पडते असं मात्र मी म्हणणार नाही. इथे उत्साहाने घोळ होतो. क्लॅमिडिया हा शरीरसंबंधातूनच पसरणारा संसर्ग घ्या. बहुतेक बायकांना त्याची लक्षणं दिसत नाहीत, पुढे गर्भनलिकांना इजा होऊ शकते, आणि साध्या प्रतिजैविकाने तो बरा होतो. वरवर पाहता घरच्या चाचणीसाठी याहून चांगला रोग नाही. नेदरलँड्सने २००८ ते २०११ मध्ये ॲम्स्टरडॅम, रॉटरडॅम आणि दक्षिण लिम्बुर्गमधल्या १६ ते २९ वयाच्या तरुणांना दर वर्षी पत्रं धाडली. किट मागवा, घरी नमुना घ्या, पोस्टाने पाठवा. पहिल्या फेरीला १६ टक्क्यांनी प्रतिसाद दिला, तिसऱ्या फेरीला दहा टक्क्यांनीही नाही. संसर्ग घटल्याचा पक्का पुरावा मिळाला नाही आणि देशभर हा कार्यक्रम न्यायचा नाही असं ठरलं. पत्रपेटी असलेला, पोस्ट वेळेवर चालणारा, श्रीमंत देश. तरीही.

लंडनच्या लॅम्बेथ आणि सदर्क भागांत २०१७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आणखी शिकवून जातो. क्लॅमिडियासारख्या लैंगिक संसर्गांच्या चाचणीचं किट ऑनलाइन मागवण्याची सोय दिली, तर सहा आठवड्यांत चाचणी केलेल्यांचं प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं. नुसते दवाखान्यांचे पत्ते दिलेल्या गटात ते २७ टक्के होतं. जवळपास दुप्पट. उपचार किती जणांना मिळाले? १.१ टक्के आणि ०.७ टक्के, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका बारीक. चाचण्या दुप्पट झाल्या म्हणजे बरे झालेले दुप्पट होत नाहीत.

क्लॅमिडियाची चाचणी म्हणजे त्या दिवसापुरतं चित्र. आज औषध घेतलं, जोडीदाराने घेतलं नाही, तर महिन्याभरात पुन्हा तेच. दर वर्षी चाचणी, दर वर्षी खर्च. एचपीव्हीचं तसं नाही. पस्तिशीतल्या एका चाचणीचा निकाल पुढची कित्येक वर्षं कामाचा असतो. उस्मानाबादमध्ये एचपीव्ही चाचणी निर्दोष आलेल्या बायकांत पुढे कॅन्सर लाखामागे वर्षाला ३.७ इतकाच आढळला; पॅप किंवा ॲसिडच्या तपासणीत निर्दोष ठरलेल्यांत तो चौपट होता. म्हणून सार्वजनिक पैशातून घरापर्यंत एकच चाचणी न्यायची असेल तर ती ही. शहरांत खासगी कंपन्या दहा-बारा संसर्गांचं एकगठ्ठा पाकीट घरपोच विकतात. ज्याला परवडतं आणि गरज वाटते त्याने ते घ्यावं, पण आरोग्य खात्याने त्याचं अनुकरण करायचं कारण नाही.

आता 'घर' या शब्दाकडे येते.

इंग्लंड-अमेरिकेतल्या लेखनात घरची चाचणी म्हणजे एकांत, असं गृहीत असतं. दाराला कडी असलेलं न्हाणीघर आणि दुसरं कुणी फोडणार नाही असं टपाल. आपल्याकडच्या किती बायकांकडे या दोन्ही गोष्टी आहेत? दोन खणांचं घर, सासू ओट्यावर, दीर अंगणात, फोन नवऱ्याच्या खिशात. तिच्यासाठी घर ही गावातली सर्वांत कमी एकांताची जागा असू शकते. एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि रेल्वे रुळांलगत ज्या शब्दाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात तो शब्द आहे 'गुप्तरोग'. या रोगांचं नावच आपण 'गुप्त' ठेवलं आणि तपासायला जागा मात्र अशी दिली की काहीच गुप्त राहू नये.

त्यामुळे आपल्याकडे घरची चाचणी म्हणजे पोस्टाने आलेली डबी नव्हे, तर बाईच्या पायाखालच्या वाटेवरची चाचणी. आशाताईचं घर, दुपारची रिकामी अंगणवाडी, बचत गटाच्या बैठकीनंतरची खोली. नमुना बाईनेच घ्यायचा, पण कुठे घ्यायचा हेही तिनेच ठरवायचं.

हे स्वप्नरंजन नाही. अर्जेंटिनातल्या हुहुई या गरीब, डोंगराळ प्रांतात २०१२ साली आरोग्यसेविकांनी नेहमीच्या घरभेटींतच बायकांना स्वतः नमुना घ्यायची सोय दिली. ८६ टक्के बायकांची तपासणी झाली. जिथे फक्त दवाखान्यात या म्हणून सांगितलं, तिथे २० टक्के. वरच्या हिशेबात मी ८६ आणि २० हे आकडे धरले ते इथूनच. त्या सेविका आपल्या आशांसारख्याच, गावातल्या. उस्मानाबादच्या अभ्यासातही एचपीव्ही गटातल्या सुमारे ८० टक्के बायका तपासणीला आल्या होत्या, कारण पथक गावात जात होतं. तिथे नमुने प्रशिक्षित परिचारिकांनी घेतले होते, स्वतः बायकांनी नव्हे. पण दार जवळ आलं की आमच्या बायका मागे राहत नाहीत, हे मराठवाड्यानेच दाखवलं आहे.

एक आक्षेप रास्त आहे. ॲसिटिक ॲसिडची तपासणी काही रुपयांत होते. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात तीच आहे, ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी, दर पाच वर्षांनी. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात याच तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणाऱ्या बाया दहावी शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण तिथे दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या, आणि तपासणाऱ्यांच्या नजरेवर सतत देखरेख होती. आरोग्य उपकेंद्रात एकच परिचारिका लसीकरण, बाळंतपणं आणि पोर्टलवरच्या नोंदी सांभाळते. तिथे ही तपासणी कागदावर स्वस्त आणि प्रत्यक्षात दुर्मीळ होते. १.९ टक्के हा आकडा त्या स्वस्ताईचाच आहे.

खर्च-लाभाच्या कोष्टकात न येणारी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण आठवा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून बाई खासगी दवाखान्यात गेली की सोनोग्राफी, आणि मग 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल'. कॅन्सरचं नाव काढल्यावर कोण नाही म्हणेल? शिवाय फडावर पाळीच्या दिवसांत पडणाऱ्या खाड्याचा दंड होताच. कर्ज काढून, मुकादमाकडून उचल घेऊन बायांनी पिशव्या काढल्या, आणि ती उचल फेडायला पुन्हा कोयता हातात घेतला.

त्या प्रत्येकीच्या हातात आधी एक कागद असता तर? 'तुमच्यात कॅन्सर करणारा विषाणू सापडला नाही.' पांढरं जाणं हा बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये, म्हणजे अशा संसर्गांवर उपचार करणाऱ्या विभागात, त्याची औषधं फुकट मिळतात. एका निर्दोष निकालाने त्या घाबरवणाऱ्या वाक्यातली हवा निघून गेली असती. तपासणीचा लाभ मोजताना वाचलेली आयुष्यं मोजतात, वाचलेल्या पिशव्या मोजत नाहीत, वाचलेलं कर्जही नाही. शंभरातल्या ज्या नव्वद जणींना 'काही नाही' असा निकाल मिळतो त्यांच्यावरचा खर्च वाया गेला असं मानणारा हिशेब मला मान्य नाही. आपल्या मुलखात तो कागद म्हणजे संरक्षण आहे.

याच कारणाने उलट भीतीही खरी आहे. उरलेल्या दहा जणींच्या हातातला 'पॉझिटिव्ह' असा कागद चुकीच्या दवाखान्यात गेला, तर तोच पिशवी काढायचं निमित्त होईल. विषाणू असणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकींना एवढंच लागतं की गर्भाशयाचं तोंड नीट तपासावं आणि खराब भाग दिसला तर तो जाळून टाकावा. त्यासाठी हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं उपकरण आहे; उपचार मिनिटभराचा, भूल लागत नाही, टाके नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. हे उपकरण आणि ते वापरणारी प्रशिक्षित व्यक्ती ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी हजर नसेल, तर घरोघरी किट वाटूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उपचाराची सोय नसताना चाचणी करणं म्हणजे बाईला भीतीच्या हवाली करणं.

दुसरी भीती घरातली. 'कुठून आणलंस हे?' हा प्रश्न विचारला जाणार, आणि तो नेहमी बाईलाच विचारला जाणार. काही जण सुचवतात की हा संसर्ग शरीरसंबंधातून होतो हे सांगूच नये, नुसतं कॅन्सरची तपासणी म्हणावं. मला हे पटत नाही. आज लपवलेलं उद्या मोबाइलवर दिसतं, आणि मग आशाताईच्या शब्दावरचा विश्वास उडतो. खरं तेच सांगावं, पण पूर्ण सांगावं: हा विषाणू जवळपास प्रत्येकाला होतो, तो शरीरात दहा-वीस वर्षं गप्प राहू शकतो, तो केव्हा आणि कुणाकडून आला हे कुठलीही चाचणी सांगू शकत नाही. हे नवऱ्यालाही सांगावं, तिची हरकत नसेल तर.

निकाल कसा कळवायचा, याचा विचार किटच्या रंगाइतकाही होत नाही. फक्त पॉझिटिव्ह बायकांच्या घरी आशाताई दुसऱ्यांदा गेली, तर तिची पावलंच गावभर निकाल सांगतील. म्हणून दुसरी भेट सगळ्यांकडे व्हावी, ज्यांचं काही निघालं नाही त्यांच्याकडेही. याला खर्च येतो. तो द्यावा. महाराष्ट्रात ७० हजारांच्या आसपास आशा आहेत आणि मोबदल्यासाठी त्यांना वारंवार आंदोलनं करावी लागली आहेत. नवं काम त्यांच्या डोक्यावर 'सेवा' म्हणून टाकायचं आणि त्यालाच किफायतशीर म्हणायचं, हा अन्याय आहे. आशेला पैसा किती किट वाटल्या यावर नव्हे, तर दोन्ही भेटींवर आणि पुढे सोबत नेलेल्या बाईवर मिळावा. बाईने नको म्हटलं तर आशेचा पैसा कापला जाऊ नये, नाहीतर विनंतीची जबरदस्ती होते.

यंत्रांचं म्हणाल तर आपण अगदीच रिकाम्या हातांनी उभे नाही. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे छोटं, बॅटरीवर चालणारं पीसीआर यंत्र क्षयरोगासाठी सरकारी प्रयोगशाळांत पोचलेलं आहे. कोविडमध्ये तेच वापरलं गेलं. एचपीव्हीची चाचणी त्या यंत्रावर होते आणि निकालाला तास-दीड तास पुरतो. यंत्राची किंमत आधीच भरलेली आहे, माणूस शिकलेला आहे. नव्याने लागतात त्या चिप आणि ब्रश. खरेदी एका जिल्ह्याची केली तर भाव एक, अख्ख्या राज्याची केली तर वेगळा. 'परवडत नाही' हे उत्तर देण्याआधी निदान हा दुसरा भाव विचारून पाहायला हवा.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने एचपीव्हीची लस बनवली, ही अभिमानाची गोष्ट आहे. एका डोसनेही संरक्षण मिळतं, याचा भक्कम पुरावा ज्या भारतीय अभ्यासातून आला त्यातही बार्शी आणि पुणे होते. पण लस मुख्यतः नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीसाठी आहे. तिच्या आईचं काय? ती आज पस्तिशीत आहे आणि तिच्यासाठी लसीची वेळ निघून गेली आहे.

आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी एक तपासणी फॉर्म भरते. त्यात बाईला पाळीखेरीज रक्त जातं का, असे प्रश्न आहेत. म्हणजे दारात जाणं होतंच, विचारणंही होतंच. त्याच भेटीत ब्रश आणि नळी द्यायची, आणि नोंदवहीत तीन रकाने वाढवायचे: निकाल तिला स्वतःला सांगितला का, ती पुढे पोचली का, तिचा किती रोज बुडाला. तिसऱ्या रकान्यातला आकडा सरकारने भरून द्यावा. क्षयरुग्णाला पोषणासाठी थेट खात्यात पैसे मिळतात; विषाणू सापडलेल्या बाईला तालुक्याला यायचा एक दिवसाचा रोज देणं ही त्यामानाने किरकोळ रक्कम आहे.

सुरुवात धाराशिव आणि बीडपासून व्हावी आणि ती वेळ पाहून व्हावी. ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. नमुना सप्टेंबरअखेर घेतला, निकाल ऑक्टोबरात आला, तर बाई तोवर कोल्हापूर-सांगलीकडच्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या फडावर असेल, आणि तिला शोधायला कुणी जाणार नाही. नमुना जूनमध्ये घ्यावा, पेरणीची गडबड उरकली की जुलैत निकाल सांगावा, आणि ज्यांना उपचार लागतो त्यांचा पोळ्याच्या आत पुरा करावा. मग ती कोयता बांधून निघेल तेव्हा तो कागद तिच्या पिशवीत असेल.